विभागाचं काम क्लाउडवर न्यायचंय? आधी यादी करा, सर्व्हर नंतर

राज्य सरकारच्या कुठल्याही विभागात आयटीचं काम बघत असाल तर "आपण सगळं क्लाउडवर टाकून देऊ" हे वाक्य तुम्ही बैठकीत ऐकलंच असणार. सगळे हो म्हणतात, इतिवृत्तात येतं, आणि सहा महिन्यांनी बघावं तर जुना सर्व्हर होता तसाच उचलून भाड्याच्या मशीनवर ठेवलेला असतो, तेच जुनं सॉफ्टवेअर, तीच शेवटच्या तारखेला बसणारी साइट, वर महिन्याचं बिल. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, विभागांची ॲप्लिकेशन्स क्लाउडवर न्यायचं, आणि मला एक गोष्ट पक्की कळलीय. विभागाला लोकांसाठी काय जमवायचंय ते आधी कागदावर आलं पाहिजे, मग त्यातल्या एकेका गोष्टीला क्लाउडमधलं नेमकं काय कामाला येतं ते शोधायचं, मशीन किती आणि केवढी हे सगळ्यात शेवटी.

परवानगीचा प्रश्न तर राहिलेलाच नाही. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्येच पब्लिक क्लाउडचं, म्हणजे खाजगी कंपन्यांच्या भाड्याच्या सर्व्हरवर सरकारी काम ठेवायचं धोरण आणलं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. केंद्राचा मेघराज हा सरकारी क्लाउडचा उपक्रम त्याच्याही आधीचा. मेइटी म्हणजे केंद्राचं आयटी मंत्रालय क्लाउड कंपन्यांना एम्पॅनल करतं, म्हणजे मान्यताप्राप्त यादीत घेतं, एसटीक्यूसी या त्याच मंत्रालयाच्या तपासणी संस्थेचं ऑडिट झालेलं असतं, त्या यादीतलाच प्रोव्हायडर घ्यायचा, आणि हो, फक्त कंपनीचं नाव यादीत आहे का एवढं बघून थांबू नका, तुम्ही घेताय ती सर्व्हिस आणि ते डेटा सेंटर त्यात आहे का तेही तपासा.

अमेरिकेतल्या राज्यांच्या सीआयओंची, म्हणजे आयटी प्रमुखांची, नॅसिओ नावाची संघटना आहे, ती दरवर्षी दहा प्राधान्यांची यादी काढते. सायबर सुरक्षा, नागरिकांसाठी डिजिटल सेवा, जुन्या सिस्टीम बदलणं, खर्च आवरणं, हे विषय त्यात फिरून फिरून येतात. आपल्या मंत्रालयातल्या बैठकांतही वेगळं काही नसतं. म्हणून मी या चार गोष्टी धरूनच सांगतो.

पहिलं काम एका एक्सेल शीटचं. विभागाची प्रत्येक सेवा एका ओळीत लिहायची आणि पुढे पाच प्रश्न: कोण वापरतं, गर्दी कधी होते, किती वेळ बंद राहिली तर चालेल, किती वेळेचा डेटा गेला तर चालेल, आणि त्यात लोकांची कसली माहिती आहे. ही शीट आयटी सेलने एकट्याने भरू नये, कक्ष अधिकाऱ्याला आणि तालुक्यात काम करणाऱ्या माणसाला विचारून भरावी. टेक्निकल माणूस "चोवीस तास चालू पाहिजे" असं सगळ्याच ओळींत लिहून मोकळा होतो आणि मग सगळ्यावर सारखाच खर्च होतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म शेवटच्या तीन दिवसांत एक तास बंद पडला तर पोरांचं वर्ष जाऊ शकतं, पण ऑफिसच्या आतला फर्निचरचा रजिस्टर दोन दिवस बंद राहिला तर कुणाला कळणारही नाही. हा फरक शीटवर दिसला की अर्धे निर्णय आपोआप होतात.

आता गर्दी. सरकारी सेवांची गर्दी फार विचित्र असते, अकरा महिने शुकशुकाट आणि मग अचानक सगळा महाराष्ट्र एकाच वेळी दारात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेला काही महिन्यांतच दोन कोटींवर अर्ज आले, दहावी-बारावीच्या निकालाची दुपार तर सगळ्यांना माहीतच आहे. अशा वेळेसाठी स्वतःचे सर्व्हर विकत घेऊन ठेवले तर उरलेलं वर्ष ते नुसती वीज खातात. क्लाउडचा खरा फायदा इथे, गर्दी वाढली की मशीन आपोआप वाढतात, ओसरली की कमी होतात, यालाच ऑटोस्केलिंग म्हणतात.

पण एक सांगतो, नुसतं ऑटोस्केलिंग चालू करून भागत नाही. वेब सर्व्हर दोनाचे वीस होतात आणि ते वीसच्या वीस जण त्याच एका डेटाबेसवर तुटून पडतात, मग डेटाबेस झोपतो आणि साइट पहिल्यापेक्षा लवकर पडते. म्हणून डेटाबेसचा भार आधी हलका करा. जे पान सगळ्यांना सारखंच दिसतं, म्हणजे जीआर, सूचना, पात्रतेचे नियम, ते डेटाबेसमधून दर वेळी काढायचं कशाला, ते कॅशमध्ये, म्हणजे तयार प्रतीच्या रूपात, आणि सीडीएनवर, म्हणजे लोकांच्या जवळच्या सर्व्हरांवर ठेवा. अपलोड केलेले दाखले, फोटो डेटाबेसमध्ये भरू नका, ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे फाइलींसाठीच्या वेगळ्या साठ्यात टाका. आणि अर्ज सबमिट झाला की एसएमएस, पीडीएफ, पडताळणी हे सगळं त्याच क्षणी करत बसण्यापेक्षा क्यूमध्ये, म्हणजे कामांच्या रांगेत टाका, अर्जदाराला पावती नंबर लगेच द्या, बाकीचं मागून होत राहील. मग लोड टेस्ट करा, म्हणजे खोटी गर्दी सोडून बघा, अपेक्षित गर्दीच्या दुपटीने, आणि शेवटच्या तारखेच्या निदान एक महिना आधी, म्हणजे काही सापडलं तर दुरुस्तीला वेळ मिळेल.

सुरक्षेचं बोलताना सगळ्यात मोठा गैरसमज हा की क्लाउडवर गेलो म्हणजे सुरक्षा आता कंपनीची जबाबदारी. तसं नसतं. इमारत, वीज, हार्डवेअर हे त्यांचं, पण कुणाला कुठला अधिकार दिला, स्टोरेज सगळ्या जगाला उघडं ठेवलं का, पासवर्ड काय, सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीचा पॅच मारला का, हे तुमचं. आधार, बँक खातं, जातीचा दाखला असलेला डेटा असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डोळ्यांसमोर ठेवा, गरजेपेक्षा एक कॉलमसुद्धा जास्त गोळा करू नका. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि सगळे लॉग, म्हणजे सिस्टीममध्ये कुणी कधी काय केलं त्याच्या नोंदी, १८० दिवस भारताच्या हद्दीत जपून ठेवायचे. सहा तास फार कमी असतात हो. रात्री दोन वाजता कळलं तर कोण कुणाला फोन करणार, कोण मेल पाठवणार, तो मसुदा कुठे आहे, हे एका पानावर लिहून भिंतीवर लावा. आणि लॉग ठेवायची सेटिंग पहिल्या दिवशीच तपासा, कारण बऱ्याच सर्व्हिसेसचा आपला ठरलेला काळ १८० दिवसांपेक्षा कमी असतो.

आणखी एक, हे मी कळकळीने सांगतोय. क्लाउडचं मुख्य खातं विभागाच्या ईमेलवरच उघडा, व्यक्तीच्या नाही तर पदाच्या ईमेलवर, आणि त्याला दोन पायऱ्यांचं लॉगिन लावा. एका ठिकाणी मी गेलो तेव्हा अख्ख्या सिस्टीमचं मालकी खातं ठेकेदाराच्या एका मुलाच्या खाजगी मेलवर होतं, तो नोकरी सोडून गेला होता, आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर जात होता. मुलगा चांगला होता म्हणून निभावलं, त्याने बिचाऱ्याने सुट्टीच्या दिवशी येऊन सगळं सोपवलं. लाखो लोकांचा डेटा कुणाच्या चांगुलपणावर सोडायचा नसतो.

बॅकअपबद्दल थोडं सविस्तर बोलायलाच हवं. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली, ७०९ सरकारी सिस्टीम बंद पडल्या. त्यात जी-ड्राइव्ह नावाचं सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचं स्टोरेज होतं, ८५८ टेराबाइट, आणि त्याची दुसरीकडे कुठेच प्रत नव्हती. ते त्यांचं स्वतःचं सरकारी क्लाउड होतं बरं का. म्हणजे क्लाउड या नावाने बॅकअप आपोआप होत नाही, तो तुम्हाला मागावा लागतो, त्याचे पैसे मोजावे लागतात आणि तो दुसऱ्या शहरात असावा लागतो. मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई, दिल्ली अशा शहरांत मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर्स आहेत, तेव्हा मुख्य मुंबईत ठेवलं तर दुसरी प्रत हैदराबादला ठेवा, एकच पूर दोन्हीकडे यायला नको. आणि प्रत भारतातच राहतेय ना, हे सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आणि मग रिस्टोअर करून बघा. एका विभागात रोज रात्री बॅकअप यशस्वी झाल्याचा मेल यायचा, दोन वर्षं रोज. आम्ही म्हटलं एकदा परत उभं करून बघू. डेटाबेस चाळीस मिनिटांत उभा राहिला, अर्जांची यादी दिसली, सगळे खूश. मग तिथल्या एका बाईंनी एक अर्ज उघडून जोडलेल्या दाखल्यावर क्लिक केलं तर कोरं पान. दुसरा उघडला, कोरं. दाखल्यांचं फोल्डर कुणी बॅकअपमध्ये घातलंच नव्हतं, नुसत्या फाइलींची नावं डेटाबेसमध्ये होती. त्या दिवशी खोलीत कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून मी दर तीन महिन्यांनी रिस्टोअर करायला लावतो, आणि तपासायला विभागातलाच माणूस बसवतो, कारण कशावर क्लिक करायचं ते त्यालाच माहीत असतं.

जुन्या सिस्टीममधून डेटा आणताना मराठीची एक अडचण येते जी कुठल्याच कंपनीच्या गाइडमध्ये सापडणार नाही. पंधरावीस वर्षांपूर्वीचा डेटा बहुतेक वेळा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या एकाच कोडमध्ये नसतो, त्या त्या फॉन्टच्या कोडमध्ये असतो, तो तसाच हलवला तर नव्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. युनिकोडमध्ये असला तरी गंमत बघा, कऱ्हाडमधला तो अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे, कॉम्प्युटरला मात्र वेगळे. मग गोऱ्हे आडनावाची बाई यादीत असून सर्चला सापडत नाही, ऑपरेटर म्हणतो तुमचं नाव नाही, आणि ती परत गावी जाते. डेटा हलवतानाच एक पद्धत ठरवून सगळं त्यात बदलून घ्या, सर्चच्या बॉक्समध्येही तोच बदल लावा. दोन दिवसांचं काम आहे, पण नंतर करायला गेलं तर दोन वर्षं तक्रारी येत राहतात.

पैशाचं गणित सरकारमध्ये जरा वेगळं पडतं. सर्व्हर विकत घेतला की तो भांडवली खर्च, एकदा मंजुरी, एकदा बिल. क्लाउडचं बिल दर महिन्याला आणि दर वेळी वेगळं, आणि अनुदान तर मार्चला संपतं. म्हणून जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून घ्या किंवा टेंडर काढा, पण त्यात सेवांचे दर ठरवा, वर्षाची कमाल रक्कम घाला, आणि जेवढा वापर तेवढंच बिल असं स्पष्ट लिहा. नाहीतर ठोक रकमेचं टेंडर निघतं आणि वापर शून्य असला तरी पूर्ण पैसे जातात. प्रत्येक मशीनला योजनेचं नाव टॅग करा, म्हणजे बिल कुठल्या लेखाशीर्षात टाकायचं यावर वाद होत नाही. टेस्टिंगची मशीन रात्री आणि शनिवार-रविवार बंद ठेवा. आठवड्याचे १६८ तास, ऑफिसचे दहा तास धरले तरी पाच दिवसांचे ५०, म्हणजे त्या मशीनचा दोन तृतीयांश खर्च वाचला, फक्त एक वेळापत्रक लावून.

टेंडरमध्ये बाहेर पडायचं कलम विसरू नका. करार संपल्यावर डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये मिळणार, किती दिवसांत, बाहेर काढायचे पैसे कोण देणार, सोर्स कोड कुणाचा, जुनी प्रत पुसल्याचं प्रमाणपत्र देणार का. हे सगळं सही होण्याआधीच ठरतं, नंतर मागायला गेलात तर तुमच्या हातात काही राहिलेलं नसतं.

प्रत्यक्ष हलवताना छोट्या सेवेपासून सुरुवात करा, पण इतक्या छोट्या नको की कुणी वापरतच नाही, त्यातून काही शिकायला मिळत नाही. सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरकडून सुरक्षा ऑडिट करून घ्या, त्यात सापडलेल्या गोष्टी दुरुस्त होऊन परत तपासणी व्हायला वेळ लागतो, तो प्लॅनमध्ये आधीच धरा. डीएनएसचा टीटीएल, म्हणजे साइटचा सर्व्हर-पत्ता किती वेळ लक्षात ठेवला जातो ती मुदत, दोन-तीन दिवस आधी कमी करा, म्हणजे बदल केल्यावर लोक जुन्या पत्त्यावर अडकून राहत नाहीत. बदल शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर, शनिवारी नोंदींची संख्या आणि रकमांच्या बेरजा जुन्या-नव्यात जुळवा, रविवार हाताशी मोकळा ठेवा. जुनी सिस्टीम लगेच मोडू नका, निदान महिनाभर नुसती बघण्यापुरती चालू ठेवा.

आणि सोमवारी सकाळी टीममधल्या एकाला तरी डॅशबोर्डसमोरून उठवून सेतू केंद्रावर पाठवा. ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची घेऊन बसायचं, तिथल्या संथ नेटवर, तिथल्या जुन्या प्रिंटरवर पहिला अर्ज भरला जाताना बघायचा, आणि रांगेतल्या पहिल्या माणसाच्या हातात पावती पडेपर्यंत तिथून हलायचं नाही.