दोन एअरलाइनची ऑफर आलीय? सही करण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला नाशिकच्या एका ओळखीतल्या मुलाचा फोन आला. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचा परवाना, हातात घेऊन तीन वर्षं वाट पाहत बसलेला मुलगा. एकाच आठवड्यात दोन कंपन्यांची पत्रं आली होती आणि आनंदानं त्याचा आवाज कापत होता. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानं दोन फोटो टाकले. "सर, एकाचा पगार तीस हजारांनी जास्त आहे. तिकडेच सही करतो ना?"

मी फोटो उघडले. दोन्ही पत्रांचं फक्त पहिलं पान होतं. एक पत्र नऊ पानांचं, दुसरं चौदा पानांचं. म्हटलं, "अरे, उरलेली एकवीस पानं पाठव, मग बोलू." पहाटे दोनपर्यंत आम्ही ती वाचत बसलो. तीस हजारांचा हिशेब त्यातच कुठेतरी विरून गेला.

मी स्वतः पहिली नोकरी पहिल्या पानावरून निवडली होती. ती कंपनी आज नाही. शेवटचे कित्येक महिने पगार थकला, घराचा हप्ता वडिलांच्या पेन्शनमधून गेला. त्या वर्षात जे कळलं ते दुसऱ्या कुणाला तशाच मार्गानं कळू नये, म्हणून हे लिहितोय. मुख्यतः फर्स्ट ऑफिसरांसाठी (एफओ, म्हणजे सहवैमानिक), पण कमांडच्या, म्हणजे कॅप्टनपदाच्या, ऑफर घेऊन बसलेल्यांनाही बरंच लागू पडेल.

महिन्याचा आकडा कशावर बेतलाय, हे न विचारणं

पायलटचा पगार दोन भागांत असतो. ठरलेला भाग आणि उड्डाणाच्या तासांवर मिळणारा भत्ता. पत्रातला मोठा आकडा बहुतेक वेळा दोन्हींची बेरीज असते, आणि तास किती धरलेत ते खाली बारीक अक्षरात असतं.

समजण्यापुरतं उदाहरण घेऊ. पहिली कंपनी म्हणते महिना २,६०,०००. आत पाहिलं तर ठरलेले १,१०,००० आणि तासाला २,००० प्रमाणे ७५ तास. दुसरी म्हणते २,३०,०००, पण ७० तासांची हमी. उडालात किंवा नाही, पैसे तेवढेच. आता पावसाळ्यात उड्डाणं कमी झाली, दोन विमानं इंजिनासाठी उभी राहिली आणि तुम्हाला ४५ तासच मिळाले. पहिलीकडे हातात २,००,०००, दुसरीकडे तेच २,३०,०००. साठ तासांना दोन्ही सारख्या. म्हणजे खरा प्रश्न असा की वर्षातले किती महिने साठच्या वर तास मिळतील?

कोविडमध्ये याची किंमत सगळ्यांनी मोजली. २५ मार्च ते २४ मे २०२० देशांतर्गत उड्डाणं बंद होती. ज्यांचा पगार तासांवर टांगलेला होता त्यांच्या खात्यात काय आलं असेल, याची कल्पना करा. तेव्हा हमीचे तास किती, आजारी पडलात किंवा सिम्युलेटरला गेलात तर ते कापले जातात का, आणि लाइन ट्रेनिंग (प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण) संपेपर्यंत नक्की किती मिळणार, हे लेखी विचारा. शेवटचा प्रश्न कर्ज असलेल्यांनी तर पहिला विचारावा. टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता), सिम्युलेटर, बेस ट्रेनिंग (रिकाम्या विमानावरचा सराव), रिलीज चेक (नियमित ड्युटीआधीची शेवटची चाचणी), या सगळ्यात सहा-आठ महिने सहज जातात आणि बँकेचा हप्ता तोवर थांबत नाही.

सीनियॉरिटी नंबर म्हणजे काय, हे उशिरा कळणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

बाकीच्या नोकऱ्यांत माणूस अनुभव बरोबर घेऊन जातो. पायलट तास घेऊन जातो, पण नंबर, म्हणजे कंपनीच्या ज्येष्ठता यादीतली आपली जागा, मागे ठेवून जातो. कमांड कधी, हवा तो बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर) कधी, दिवाळीची सुट्टी कुणाला, मोठ्या विमानावर आधी कोण, हे सगळं त्या यादीतल्या जागेवरून ठरतं. कंपनी बदलली की तुम्ही यादीच्या तळाला. म्हणून दोन ऑफरमध्ये निवडताना तुम्ही पुढच्या दहा-पंधरा वर्षांची रांग निवडत असता.

यात एक बारीक अट असते. काही ठिकाणी सीनियॉरिटी जॉइनिंगच्या तारखेपासून धरतात, काही ठिकाणी लाइनवर रिलीज झाल्याच्या तारखेपासून. दुसरी पद्धत असेल आणि सिम्युलेटरचा स्लॉट मिळायला उशीर झाला, तर तुमच्यानंतर आलेला बॅचमेट तुमच्या पुढे जाऊन बसतो. तुमचा दोष काहीही नसताना.

कंपन्यांचं विलीनीकरण झालं की ही यादी किती नाजूक असते ते दिसतं. १ ऑक्टोबर २०२४ ला एआयएक्स कनेक्ट (आधीची एअरएशिया इंडिया) एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये गेली, १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात. दोन याद्यांची एक यादी करताना कोण कुणाच्या वर, हा प्रश्न प्रत्येक पायलटच्या घरात जेवणाच्या ताटावर चर्चिला गेला. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन पत्रं हातात असली, तरी त्या कंपन्यांचा मालक एकच आहे का, हेही पाहून ठेवा.

आणि मुलाखतीत "कमांड किती वर्षांत?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी गोड असतं. विचारा, "गेल्या सहा महिन्यांत कमांड मिळालेल्या पायलटांची जॉइनिंग कोणत्या वर्षाची आहे?" हे उत्तर एचआरकडून नाही मिळालं, तर तिथल्या कुठल्याही एफओला विचारा. त्याला ते तोंडपाठ असतं.

ऑर्डर केलेली विमानं दारात उभी आहेत असं समजणं

फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० विमानांची घोषणा केली, जूनमध्ये इंडिगोनं एकदम ५०० ची. आकडे खरे आहेत. पण इंडिगोची ती ५०० विमानं २०३० ते २०३५ या काळात यायची आहेत. बातमी वाचून तुम्ही २०२७ ची कमांड मोजत असाल, तर गणित चुकतंय.

ऑर्डर किती, यापेक्षा येत्या बारा महिन्यांत नक्की किती विमानं येणार, किती भाडेकराराची परत जाणार आणि आज किती उभी आहेत, हे तीन आकडे महत्त्वाचे. गो फर्स्टनं ३ मे २०२३ पासून उड्डाणं थांबवली, तेव्हा तिची निम्म्याच्या आसपास विमानं प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांअभावी जमिनीवर होती. विमानतळावर ती रांगेत उभी दिसत होती. ज्यांनी त्याकडे बघून वेळीच अंदाज बांधला ते वाचले.

आधी भरती करून मग विमानांची वाट पाहणाऱ्या कंपनीत तास जमत नाहीत. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन होण्यासाठीच्या परवान्याला, १,५०० तास लागतात. महिन्याला सत्तर तास मिळाले तर पहिल्या वर्षात आठशेच्या पुढे जाता. पंधरा मिळाले तर दोनशेही होत नाहीत.

"एटीआर नको, जेटच हवं"

एटीआर म्हणजे पंख्यांचं छोटं विमान. ते नको, हा हट्ट मी समजू शकतो. नातेवाइकांना मोठं विमान दाखवायचं असतं. पण छोट्या विमानावर दिवसाला चार-सहा सेक्टर (उड्डाणं) होतात, हात बसतो, आणि तरुण कंपनीत कमांडही लवकर येऊ शकते. गोव्याच्या मोपा विमानतळावरून मार्च २०२४ मध्ये फ्लाय ९१ नं एटीआर ७२ घेऊन सेवा सुरू केली. जळगाव, सोलापूर अशी आपली गावं त्या नकाशावर आली. कोल्हापूरला स्टार एअरची एम्ब्रेअर बनावटीची छोटी विमानं उतरतात. छोट्या धावपट्टीवर, पावसाळी वाऱ्यात, रोज उतरणारा पायलट काय शिकतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मात्र छोट्या कंपनीचा आर्थिक जीवही छोटा असतो. पगार वेळेवर होतो का, पीएफ भरला जातो का, ही चौकशी तिथे दुप्पट करा. आपला पीएफ जमा होतोय की नाही हे तिथल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला पासबुकात दोन मिनिटांत दिसतं. चहा पाजून विचारायला हरकत नाही.

बाँड आणि नोटीस एकच समजणं

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटीस डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमानं येते: एफओला सहा महिने, कमांडरला २०१७ पासून एक वर्ष. बाँड कंपनीच्या करारानं येतो: टाइप रेटिंगचा खर्च कंपनीनं केला तर अमुक वर्षं राहा, नाहीतर अमुक रक्कम भरा.

"बाँडला कोर्टात काही किंमत नसते," असं सीनियर सांगतात. त्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्याकडून बाँडची रक्कम घेणं वैध ठरवलं. आणि नोटीस न देता निघून गेलं तर काय होतं, ते २०२३ मध्ये दिसलंच. अकासा एअरचे ४३ पायलट नोटीस पुरी न करता गेले, उड्डाणं रद्द झाली आणि कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली.

बाँडच्या पानावर चार गोष्टी पेननं गोल करून ठेवा. मुदत कधीपासून सुरू होते, जॉइनिंगपासून की रिलीजपासून? रक्कम दरवर्षी कमी होत जाते का? कंपनीनंच काढलं किंवा कंपनी बंद पडली तर तुम्ही मोकळे का? बँक गॅरंटी किंवा कोरा चेक मागितलाय का? नाशिकच्या मुलाच्या जास्त पगाराच्या पत्रात मुदत रिलीजपासून होती आणि रक्कम शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच. तीस हजार तिथे संपले.

बेस आणि रोस्टर

करारात नुसतं "मुंबई" लिहिलेलं असेल तर थांबा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झालीत. पनवेलला राहणाऱ्याला उलवे जवळ, बोरिवलीच्या माणसाला ते दुसरं गाव. पहाटे चारच्या रिपोर्टिंगला कुठे जायचं आणि गाडी कोण पाठवणार, हे विचारायलाच हवं. पुण्यात राहून मुंबईचा बेस चालवू म्हणणाऱ्यांनी स्टँडबायचे (बोलावणं आलं की लगेच हजर व्हायचे) दिवस महिन्याला किती लागतात ते आधी पाहावं. घाटात ट्रक उलटला म्हणून पोहोचलो नाही, हे कारण क्रू शेड्युलिंग ऐकत नाही.

रोस्टर म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक. त्याबद्दल मुलाखतीत कुणी खरं बोलेल ही अपेक्षा नको. तिथल्या एखाद्या पायलटकडून मागच्या तीन महिन्यांचं प्रत्यक्ष झालेलं रोस्टर बघायला मागा. आधी निघालेलं नको, प्रत्यक्षात उडालेलं. किती बदल झाले, किती रात्री सलग, साप्ताहिक विश्रांती घरी की बाहेरगावच्या हॉटेलात. नव्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. पण नियम पाळायला माणसं लागतात. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि डीजीसीएला तात्पुरती सवलत द्यावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, एका विमानामागे कंपनीकडे किती पायलट आहेत हे विचारा. तुमची झोप त्या आकड्यावर ठरणार आहे, आणि मागे बसलेल्या १८० माणसांचं बरंच काही तुमच्या झोपेवर.

चूक होऊन गेली असेल तर

*राजीनामा दिला आणि नवी ऑफर लटकली.* ऑफर लेटर बहुतेकदा सशर्त असतं: सिम्युलेटर चाचणी, मेडिकल, सुरक्षा पडताळणी. या तिन्ही पार पडण्याआधी राजीनामा द्यायचा नसतो. दिलाच असेल तर आजच चीफ पायलटला भेटून मागे घेता येतो का विचारा. पायलटांचा तुटवडा असताना कंपनी अनेकदा ऐकते. मेल नंतर, आधी प्रत्यक्ष भेट.

*नोटीस काळात पगार किंवा सवलती कापल्या.* गप्प बसू नका. डीजीसीएच्या नोटीसविषयक नियमात याची तरतूद आहे: कंपनीनं तुमच्या तोट्याच्या अटी लादल्या तर मुदतीआधी सुटका मागता येते. स्लिपा जपून ठेवा आणि लेखी मागा. तोवर ड्युटी मात्र नाकारू नका. नोटीस काळात उड्डाण टाळलं तर तुमचीच बाजू लंगडी पडते.

*तोंडी दिलेलं वचन कंपनी नाकारते.* ज्या दिवशी वचन मिळतं त्याच संध्याकाळी मेल टाकायची सवय लावा: "आज आपल्या बोलण्यानुसार माझा बेस पुणे असेल असं मी समजतो. कृपया कळवावं." उत्तर नाही आलं तरी तारीख तर राहते. आता वर्ष उलटून गेलं असेल, तर भांडण्यापेक्षा बदलीच्या यादीत नाव घाला आणि नावाचा क्रमांक लेखी मागा.

*सही एकीकडे केली, आठ दिवसांनी दुसरी चांगली ऑफर आली.* ट्रेनिंग सुरू झालेलं नसेल तर बहुतेक करारांत बाँड अजून लागलेला नसतो, पण आपला कागद वकिलाला दाखवूनच ठरवा. दोन-पाच हजार फी जाते. आणि जायचं नक्की झालं तर पहिल्या कंपनीला त्याच दिवशी फोन करून कळवा. जॉइनिंगच्या सकाळी न येणारा मुलगा त्या ट्रेनिंग विभागाच्या लक्षात राहतो, आणि कंपन्या मोजक्याच असलेल्या या देशात तोच ट्रेनर चार वर्षांनी दुसऱ्या गणवेशात तुमची उड्डाण चाचणी घ्यायला शेजारच्या सीटवर येऊन बसू शकतो.

नाशिकच्या मुलानं दुसऱ्या दिवशी दुपारी नऊ पानांच्या पत्रावर सही केली. चौदा पानांच्या कंपनीला त्यानं फोन केला, कारण सांगितलं, आभार मानले. तिकडच्या बाईंनी त्याचा नंबर ठेवून घेतला.