मामाजींच्या हाताला जमेल असा डेस्कटॉप

आमचं सेवा केंद्र दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात. मी तालुक्याला गेले की खुर्चीवर मामाजी बसतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ४ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर मी विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली आणि डेस्कटॉप त्यांच्या हिशोबाने मांडला.

मामाजींची खरी अडचण डबल क्लिकची. जन्मभर वखर धरलेली बोटं. दोन क्लिकच्या मधे माऊस तिळभर सरकतो आणि आयकॉन उघडायच्या ऐवजी ओढला जातो. तासाभरात सातबारा एका कोपऱ्यात, प्रिंटर दुसऱ्या. तुमच्याकडेही असं होत असेल तर सगळ्यात आधी हे करा: डेस्कटॉपवर राईट क्लिक, 'डेस्कटॉप सेटिंग्ज', 'आयकॉन्स', आणि 'सिंगल क्लिक टू ॲक्टिव्हेट आयटम्स' ला टिक. आयकॉनचा आकार तिथेच वाढतो. मी ७२ ठेवला. फाइलींच्या खिडकीत मात्र ही टिक वेगळी द्यावी लागते: 'एडिट', 'प्रेफरन्सेस', 'बिहेवियर'.

पोरांनी धबधब्याचं चित्र लावलं होतं. दिसायला सुंदर, पण पांढऱ्या पाण्यावर आयकॉनची पांढरी नावं दिसतच नव्हती. 'डेस्कटॉप सेटिंग्ज' च्याच 'बॅकग्राउंड' मध्ये 'स्टाईल' ला 'नन' करून गडद हिरवा रंग दिला.

महाभूमीची, म्हणजे जमिनीच्या नोंदींची सरकारी साइट मेनूतल्या 'वेब ॲप्स' मध्ये घालून तिला मराठीत 'सातबारा' नाव द्या. मग मेनूत त्यावर राईट क्लिक करून 'ॲड टू डेस्कटॉप'. साइट स्वतःच्या खिडकीत उघडते, पत्ता टाइप करावा लागत नाही. डेस्कटॉपवर चारच आयकॉन ठेवा. पाचवा ठेवला की मामाजी थबकतात, हे मी पाहिलंय.

अक्षर मोठं करायला मेनूतल्या 'सेटिंग्ज' मधलं 'अपिअरन्स', 'फॉन्ट्स', 'कस्टम डीपीआय': ९६ चं ११५ केलं. मामाजी चष्मा न शोधता वाचू लागले. संगणक रेंगाळत असेल तर 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' मधलं कंपोझिटिंग, म्हणजे खिडक्यांची सजावट दाखवणारी सोय, बंद करा. सावल्या आणि पारदर्शकपणा जातो, पण काम अडत नाही.

लाइट गेली-आली की पुन्हा सगळं उघडत बसू नये म्हणून 'सेशन अँड स्टार्टअप' मध्ये फायरफॉक्स जोडून ठेवा. पासवर्ड मात्र काढू नका, मामाजींना कितीही कटकट वाटली तरी. त्या संगणकात गावाचे आधार आणि पासबुकं असतात.