गाय उलटते? पिशवीत औषध सोडण्याआधी या चुका टाळा

"डॉक्टर, गाय चार वेळा भरवली, चारही वेळा उलटली. या वेळी जरा चांगल्या वळूची कांडी आणा." असा फोन आला (उलटली म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, कांडी म्हणजे वळूचं गोठवलेलं वीर्य) की मी कांडीचा विषय बाजूला ठेवतो आणि आधी विचारतो, "दादा, व्याली तेव्हा वार आपोआप पडली होती का?" वार म्हणजे वासरामागून बाहेर पडणारं गर्भाचं आवरण. बहुतेक वेळा उत्तर यायला वेळ लागतो. गर्भाशयाचं, म्हणजे पिशवीचं, दुखणं कळतं गाय उलटायला लागल्यावर. लागतं मात्र व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. मधले दोन-तीन महिने आपण नुसतं दूध मोजत असतो.

वार ओढून काढणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वार साधारण ६ ते ८ तासांत पडते. १२ तास झाले तरी लोंबत असेल तर ती अडकली असं समजायचं. मग कुणी तिला दगड बांधतं, कुणी जुनी चप्पल, कुणी सरळ हात घालून ओढतं. गर्भाशयाला आतून गुंड्यांसारख्या गाठी असतात आणि वार त्या गाठींना काजात बटण अडकावं तशी धरून असते. ओढली की गाठी फाटतात, तुकडे आत राहतात, आणि त्या जखमांतून जंतू आत शिरतात. पुढचं वर्षभर गाय उलटते त्याचं मूळ अनेकदा त्या पाच मिनिटांच्या ओढाओढीत असतं.

मग करायचं काय? जमिनीला लागणारा भाग कात्रीने कापा, मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन कोरडा ठेवा आणि रोज सकाळी थर्मामीटर लावा. दहा दिवस, न चुकता. गाय खात असेल, ताप नसेल, तर अडकलेली वार आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप सुटते. वेळूचा पाला घालणाऱ्याला मी अडवत नाही, पण पाल्याच्या भरवशावर थर्मामीटर विसरू नका. ताप १०३ अंश फॅरेनहाइटच्या वर गेला, चारा सोडला, दूध एकदम उतरलं, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. तेव्हा इंजेक्शनने अँटिबायोटिक द्यावं लागतं. नुसत्या गोळ्या पिशवीत ठेवून भागत नाही. गाडी मिळत नसेल तर फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

कुठली घाण साधी, कुठली धोक्याची

व्याल्यावर दोन आठवडे गाय तांबूस-तपकिरी घाण टाकते. तिला ओशट वास असतो, कुजका नसतो. हे पिशवी साफ होणं आहे, त्याला औषध नको. पाण्यासारखी पातळ, काळपट-लाल आणि लांबूनच सडका वास मारणारी घाण दिसली तर ते गर्भाशयाचं तीव्र दुखणं. आणि २१ दिवसांनंतर शेपटीला पांढरा-पिवळा पू चिकटलेला दिसला, तर गाय कितीही ठणठणीत खात असली तरी पिशवी आजारी आहे.

याच्या उलट चूकही होते. माज संपल्यावर एक ते तीन दिवसांत निरणातून (योनीतून) रक्ताचा थेंब किंवा दोरा येतो, कालवडींत तर हमखास. लोक घाबरतात आणि पिशवी धुवायला सांगतात. ते रक्त माज होऊन गेल्याची खूण आहे, रोग नव्हे.

सोट न बघता भरवणे

सोट म्हणा, बळस म्हणा, म्हणजे माजावर गाय टाकते तो चिकट स्राव. निदानाची निम्मी गोष्ट त्यात असते, आणि तिला पैसा लागत नाही. निरोगी सोट काचेसारखा, अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटाला धरला तर लांब तार निघणारा.

संगमनेरकडच्या एका गोठ्यावर तिसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय होती. मालकाने कांडी बदलली, रेतन करणारा बदलला, खुराक बदलला. मी पहाटे गेलो तेव्हा गाय नुकतीच उठली होती. ती बसली होती तिथे ओल्या फरशीवर सोटाचा डाग होता. बॅटरी तिरपी धरली तर त्यात नाचणीच्या दाण्याएवढे पांढरे कण दिसले. धार काढणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "अहो डॉक्टर, दर माजाला असंच असतंय. मी सांगितलं होतं ह्यांना." वारही त्या वेताला ओढून काढलेली होती. तेव्हापासून गोठ्यात गेलो की मी आधी धार कोण काढतं ते विचारतो आणि त्यांच्याशी बोलतो.

त्या सोटावर तिथेच तपासणी केली. परीक्षानळीत सोट आणि तेवढंच १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घेऊन उकळी येईपर्यंत तापवायचं. रंग आला नाही तर ठीक. पिवळा आला तर आत जंतुसंसर्ग, आणि पिवळा जितका गडद तितकं दुखणं जास्त. त्या नळीत हळदीसारखा पिवळा उतरला. (हे द्रावण कातडी भाजणारं असतं, घरी करू नका, पण डॉक्टरांना "सोट तपासता का?" असं जरूर विचारा.) काही गाईंत सोट स्वच्छ दिसतो आणि सूज आतच असते. तिथे ब्रशने पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं.

म्हशीच्या बाबतीत जास्त सावध राहा. तिचा सोट गाईसारखा लोंबत नाही. ती बसते तेव्हा पडतो, म्हणून बसायची जागा बघायची.

प्रत्येक उलटलेल्या गाईला पिशवीत औषध

सोट स्वच्छ असेल तर दुखणं दुसरीकडे शोधा: भरवायची वेळ चुकली का, खनिज मिश्रण बंद आहे का, व्याल्यावर गाय फार वाळली का. निरोगी पिशवीत जहाल आयोडीन सोडलं तर आतलं अस्तर भाजतं आणि नसलेलं दुखणं तयार होतं. सोट गढूळ असेल तर अँटिबायोटिक देण्याआधी नमुना घ्या आणि कुठलं औषध लागू पडतं ते प्रयोगशाळेतून बघून घ्या. उपचार केल्यावर तो माज सोडून द्या. एकवीस दिवस गेल्याचं वाईट वाटतं, मला कळतं. पण गढूळ सोटावर भरवलेली कांडी वायाच जाते, आणि माजात गर्भाशयाचं तोंड उघडं असल्याने पिशवी स्वतःही साफ होत असते. औषध चालू असताना दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, तेही विचारून घ्या.

माज आला नाही म्हणून गाभण धरणे

पिशवीत पू साठला की गाय माजावर येतच नाही, पोटही थोडं भरल्यासारखं वाटतं. मालक महिने मोजत बसतो. भरवल्यापासून दोन महिन्यांत तपासणी हवीच. आणि तपासणी न करता माजावर आणायचं इंजेक्शन देऊ नका. आत खरंच वासरू असलं तर गाय गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो.

गाभडलेल्या गाईला उघड्या हाताने हाताळणे

सातव्या महिन्यानंतर गाय गाभडली आणि वारही अडकली, तर ब्रुसेलोसिसचा संशय धरा. हा रोग माणसाला होतो: महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी. हातमोजे घाला, गर्भ आणि वार चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांपुढे टाकू नका, घरातलं दूध उकळूनच प्या. गाईचं रक्त तपासायला द्या. आणि गोठ्यात ४ ते ८ महिन्यांच्या पाड्या असतील तर त्यांना लस टोचून घ्या. ती आयुष्यात एकदाच द्यायची असते, आणि ते वय उलटलं की संधी जाते.