उंच, थंड प्रदेशातील निमगोड पांढरी वाईन : नागपुरात या चुका टाळा

इटलीच्या उत्तरेकडील आल्तो आदिजेमध्ये द्राक्षमळे सुमारे 1000 मीटर उंचीपर्यंत चढलेले आहेत आणि अर्जेंटिनाच्या साल्ता प्रांतात तर ते 3000 मीटरच्याही वर गेले आहेत. अशा ठिकाणी दिवसा ऊन कडक असले तरी रात्री चांगलाच गारवा पडतो, त्यामुळे द्राक्षांत साखर भरते आणि आंबटपणाही टिकून राहतो. रीसलिंग, गेवुर्झट्रामिनर यांसारख्या जाती एकत्र करून केलेल्या निमगोड वाईनचे सगळे सौंदर्य या दोहोंच्या तोलात आहे. ती गुळमट लागते, अशी तक्रार असेल तर आधी ती घरी कशी ठेवली होती, हे तपासावे.

सर्वांत महागात पडणारी चूक साठवणीची आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो, तर या वाईनला 12 ते 15 अंश मानवतात. कूलरच्या खोलीतले कपाटही तिच्यासाठी गरमच असते. बाटली तापली की आतली वाईन प्रसरण पावते, बूच किंचित वर सरकते, मानेवर चिकट ओघळ दिसतो आणि पुढे रंग तपकिरीकडे झुकून शिजवलेल्या फळासारखा वास येऊ लागतो. अशी वाईन पुन्हा गार केल्याने सुधारत नाही. म्हणून खरेदी करताना बूच व मान नीट पाहावी, बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नये आणि उन्हाळाभर ती फ्रीजमध्येच असू द्यावी.

वाढताना 8 ते 10 अंश तापमान योग्य ठरते. त्याहून गरम झाली की गोडी पुढे येते आणि आंबटपणा मागे पडतो. फार गारठली की सुगंधच दबतो. ग्लासात बर्फ टाकल्यास वाईन पातळ होते, त्यापेक्षा बाटली बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत ठेवावी व ग्लासात थोडी थोडी ओतावी.

तळाशी खडीसाखरेसारखे कण दिसले तर घाबरू नये, ते द्राक्षातील टार्टारिक आम्लाचे क्षार असून निरुपद्रवी असतात. मात्र गढूळपणा आणि बुडबुडे एकत्र दिसले, तर उरलेल्या साखरेवर यीस्ट पुन्हा काम करू लागल्याची शक्यता असते. ती बाटली परत करावी.

निमगोड म्हणजे मिठाईबरोबर चालणारी, हा समजही चुकीचा आहे. युरोपीय नियमांनुसार या वर्गात लिटरमागे साधारण 4 ते 12 ग्रॅम, आणि आम्लता पुरेशी असल्यास 18 ग्रॅमपर्यंत साखर असते. संत्रा बर्फी तिच्याहून कितीतरी गोड असल्याने तिच्यासोबत हीच वाईन आंबट लागते. सावजी रश्श्याचा जाळ अल्कोहोलमुळे अधिकच भडकतो आणि त्या मसाल्यापुढे फुलांसारखा नाजूक सुगंध उरतच नाही. त्याऐवजी गरम सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी घ्यावी, कारण सांबाराचा (कोथिंबिरीचा) हिरवा वास आणि तळणाचा तेलकटपणा या दोन्हींना हा आंबटपणा फार छान पेलतो. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.