पावसाळ्यात केलेला ताऱ्यांचा प्रकल्प

एमएस्सीचा प्रकल्प हाती आला तेव्हा जून लागला होता. फोंड्याला आमच्या घरी कौलांवर पाऊस कोसळत होता आणि आजी विचारत होती, "पावसात कसले तारे बघतेस गो?"

बघायचे नव्हतेच, मोजायचे होते. विषय होता मोठ्या मॅगेलनी मेघातले लाल राक्षसी, म्हणजे म्हातारपणी फुगलेले तारे. ही बटू दीर्घिका आपल्यापासून साधारण 1,60,000 प्रकाशवर्षांवर आहे. म्हातारे तारे थंड असतात, त्यांचा बराचसा प्रकाश अवरक्तात (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये) येतो, आणि वाटेतली धूळ तो फारसा अडवत नाही. अडवते ती हवेतली वाफ. म्हणूनच असल्या दुर्बिणी चिलीसारख्या कोरड्या डोंगरांवर असतात. आमच्याकडे पावसाळ्यात चपलेलासुद्धा बुरशी येते!

टू-मास या सर्वेक्षणाने 1997 ते 2001 मध्ये 1.3 मीटरच्या दोन दुर्बिणींनी सगळं आकाश जे, एच आणि के या अवरक्त पट्ट्यांत टिपलं. सुमारे 47 कोटी बिंदुस्रोतांची ती यादी फुकट मिळते. व्हिझियर या खगोलीय याद्यांच्या संकेतस्थळावरून मी ती मागवली, तर आल्या फक्त 50 ओळी. दोन दिवस डोकं खाजवलं. नंतर कळलं, ओळींची मर्यादा तिथे मुळातच 50 असते, ती आपण वाढवायची. हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. आलेखासाठी टॉपकॅट हे मोठ्या याद्या हाताळणारं सॉफ्टवेअर घ्या. साध्या लॅपटॉपवर चालतं.

आलेखात आडव्या अक्षावर जे-उणे-के, म्हणजे ताऱ्याचा रंग (आकडा मोठा तितका तारा लाल), आणि उभ्यावर के, म्हणजे तेज. उजवीकडे, साधारण 1.4 च्या पलीकडे, एक शेपूट निघते. हे कार्बन तारे. पोटातला कार्बन वर येऊन ऑक्सिजनपेक्षा जास्त झाला की तारा असा लाल होतो. मेघात जड मूलद्रव्यं कमी, म्हणजे ऑक्सिजनही मुळात कमी. त्यामुळे तिथे हे जास्त सहज घडतं.

मला मात्र 0.8 च्या आसपासचा उभा पट्टाच फार आवडला होता. त्यावर अख्खं पान लिहिलं. सरांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, "हे आपल्याच आकाशगंगेतले आहेत." वाटेत आडवे आलेले बुटके तारे! मग ताऱ्यांच्या जागा आणि हालचाल मोजणाऱ्या गाया या अवकाश दुर्बिणीच्या यादीशी जुळवणी केली. मेघातले तारे वर्षाला सुमारे 2 मिलिआर्कसेकंद (कोनाचं अगदी बारीक माप), तेही जवळपास एकाच दिशेने सरकतात. वाटेतले कुठेही धावतात. चाळणी लागली आणि पट्टा बराच विरळ झाला. पान फाडलं.

बीएस्सीत असाल तर जॅमची (एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी कराच, पण पायथन आधी शिका; मी उलट केलं आणि पस्तावले. एक खरी यादी स्वतः चाळून बघा, मुलाखतीत त्यावर बोलता येतं.

जानेवारीत रात्री दहाच्या पुढे हा मेघ गोव्यातून दक्षिण क्षितिजावर जेमतेम पाच अंश चढतो. मी दोनदा किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा धुरकट हवा आणि ट्रॉलरचे दिवे. आजीला अजून सांगितलेलं नाही.