सुडो द्या, पण मोजून

एखाद्याला लिनक्स सर्व्हरवर फक्त एनजिन्क्स (वेब सर्व्हर) रीस्टार्ट करायचं असतं आणि आपण त्याला सरळ सुडो ग्रुपमध्ये टाकून मोकळे होतो, म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) हक्काने कुठलीही कमांड चालवायची मुभा देतो. त्याऐवजी सुडोअर्स-डी या सुडोच्या नियमांच्या फोल्डरमध्ये त्याच्यासाठी वेगळी फाइल करा आणि तेवढी एकच कमांड पूर्ण पाथसकट लिहा. फाइलच्या नावात टिंब नको. तशी फाइल सुडो मुकाट्याने वगळतो. (माझी अर्धी दुपार यात गेली आहे.) एडिट व्हिसुडो या त्याच कामाच्या कमांडनेच करा, व्याकरण चुकलेली ओळ तो आधीच पकडतो. तरी रूटचं दुसरं टर्मिनल उघडं असू द्या, म्हणजे काही बिघडलं तर तिथून दुरुस्त करता येईल. विम (एडिटर) किंवा लेस (फाइल वाचायची कमांड) मात्र कुणाला सुडोने देऊ नका: लेसमध्ये उद्गारचिन्ह आणि पुढे एसएच टाइप केलं की रूटची शेल हातात, म्हणजे हवी ती कमांड चालवायला मोकळं रान!