लावणीला उतरायच्या आधी मजुरांचे पाय बघा

पाऊस लागला की भातलावणीची घाई सुरू होते आणि त्या घाईत चिखलात उतरणाऱ्या माणसांच्या हातापायाच्या जखमांकडे कोणाचंच लक्ष जात नाही. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यात पसरणारा तापाचा आजार. त्याचे जंतू उंदीर, गुरं, डुकरं, कुत्री यांच्या लघवीतून शेतात येतात, ओल्या मातीत अन साचलेल्या पाण्यात कित्येक आठवडे जिवंत राहतात आणि कापलेल्या, खरचटलेल्या कातडीतून अंगात शिरतात. दिवसभर पाण्यात राहून पाय भिजून मऊ पडले तरी शिरतात, डोळ्यात तोंडात पाणी उडालं तरीही.

सगळे सांगतात गमबूट घाला. गोठ्यात, गटार साफ करताना, बांधावरचं गवत काढताना घालाच, पण लावणीच्या चिखलात बूट रुतून बसतो आणि आत पाणी भरतं, हे ज्याने लावणी केलीय त्याला माहितीय. म्हणून माझं म्हणणं असं की सकाळी काम सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं काढा, कोणाला कापलंय, कोणाच्या टाचा फुटल्यात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात का ते विचारा. बारीक जखम असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावा आणि सुटली की बदला, मोठी असेल तर त्या माणसाला चिखलात उतरवूच नका, रोपांच्या जुड्या बांधावरून पोचवायचं काम द्या. आणि त्या दिवसाची मजुरी पूर्ण द्या! पैसे कापले जाणार म्हटल्यावर जखम दाखवणार कोण, चिंधी गुंडाळून गप उतरतात माणसं.

बांधावर साबण आणि स्वच्छ पाण्याचा ड्रम ठेवा. खाचरातल्याच पाण्यात हात खळबळून भाकरी खायची सवय मोडायला हवी. पिण्याचं पाणी अन डबे झाकून ठेवा, उंदरांची बिळं लावणीआधीच बुजवा.

लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी आठवड्यातून एकदा आधीच घेतात, पण ती डॉक्टरला विचारूनच, मनाने वाटू नका, गरोदर बाईला आणि लहान मुलांना चालत नाही.



आता लेप्टोच्या तापाचं. चिखलात काम केल्यावर साधारण 5 ते 14 दिवसांनी, कधी महिन्याभरानेही, एकदम ताप भरतो, डोकं ठणकतं, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात, डोळे लाल होतात. लोक म्हणतात लावणीने अंग आंबलंय आणि दुकानातून दुखण्याची गोळी आणून पुन्हा कामाला जातात, ते करू देऊ नका, अशा काही गोळ्या किडनीला त्रास देतात आणि लेप्टोत किडनीवर आधीच ताण असतो. सुरुवातीच्या दिवसांतच औषध सुरू झालं तर माणूस सहसा बरा होतो, कावीळ दिसली, लघवी कमी झाली, दम लागला की मात्र थेट मोठ्या दवाखान्यातच न्या. आणि डॉक्टर विचारो न विचारो, हा माणूस चिखलात काम करत होता हे त्यांना आधी सांगा.